संघ गाव सोडतो तेव्हा अमानत कोणाकडे राहते?

नववीच्या वर्गात शेवटचा तास होता. धडा संपला होता, घंटा व्हायची होती. मागच्या बाकावरच्या एका मुलानं हात वर केला आणि विचारलं, "सर, अपनी हैदराबाद की टीम दिल्लीवाली कैसे हो गई?"

"अपनी" हा शब्द मला महत्त्वाचा वाटला. आम्ही मराठवाड्यातली माणसं. इथल्या कितीतरी घरांसाठी हैदराबाद म्हणजे मामाचं गाव, नाहीतर आत्याचं सासर. लग्नाची खरेदी तिथं, मोठ्या दुखण्याचा डॉक्टर तिथं. 1956 पर्यंत तर आम्ही एकाच राज्यात होतो. त्यामुळे हैदराबादचा संघ जिंकला की इथल्या पोरांना तो आपलाच वाटतो. संघ दिल्लीला गेला म्हटल्यावर त्याला पडलेला प्रश्न फुटबॉलपुरता नव्हता. त्याला विचारायचं होतं, जे आपलं होतं ते आपल्याला न विचारता कोणी कसं नेलं?

तेव्हा मी त्याला दोन वाक्यांत उत्तर दिलं. मालक बदलला, मालकानं गाव बदललं. उत्तर बरोबर होतं, पण अपुरं होतं. मग मी थोडा मागे जाऊन इतिहास वाचत गेलो. त्यातून जे हाती लागलं ते इथं मांडतो आहे.

गोष्टीची सुरुवात पुण्यातून करावी लागते. 2014 मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा तिच्यात आठ संघ होते. त्यातला एक एफसी पुणे सिटी. बालेवाडीचं श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल हे त्याचं मैदान. हृतिक रोशन हा त्याच्या मालकांपैकी एक होता, इटलीच्या फिओरेंटिना क्लबशी करारही झाला होता. 2017-18 च्या हंगामात हा संघ उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला आणि तिथं बेंगळुरूकडून हरला. ती त्याची सर्वांत मोठी मजल. पुढच्या वर्षभरात मालकांची आर्थिक अवस्था बिघडली आणि 2019 मध्ये संघ बंद झाला.

त्याच वर्षी, ऑगस्टमध्ये, त्याच्या जागी नव्या मालकांनी हैदराबाद एफसी उभा केला. पुण्याचे बरेच खेळाडू हैदराबादला गेले. पुण्याला शेवटी शिकवणारे इंग्लिश प्रशिक्षक फिल ब्राऊनही गेले. लीगमध्ये जी एक जागा पुण्याची होती ती हैदराबादची झाली. कागदोपत्री हा नवा क्लब होता, पण पुण्याच्या प्रेक्षकाला दिसलं ते एवढंच की आपली माणसं आता दुसऱ्या गावाच्या नावाची जर्सी घालून खेळताहेत.

म्हणजे आज हैदराबादच्या मुलाला जे दुःख झालं आहे, ते सहा वर्षांपूर्वी पुण्यातल्या एखाद्या मुलाला झालं होतं. तेव्हा आम्ही मराठवाड्यातली मंडळी खूश होतो, कारण संघ "आपल्या" गावात आला होता. दुसऱ्याचं गेलेलं आपल्याकडे आलं की त्याला आपण नशीब म्हणतो, आणि आपलं दुसरीकडे गेलं की अन्याय म्हणतो. ही कबुली आधीच देऊन ठेवतो.

पुण्याला हा धक्का नवा नव्हता. त्याआधी 2007 मध्ये सुरू झालेला पुणे एफसी हा आय-लीगमधला चांगला संघ होता, 2012-13 ला तो उपविजेता होता. तोही काही वर्षांत मिटला. मुंबईत महिंद्रा युनायटेडनं 2005-06 ला राष्ट्रीय लीग जिंकली आणि 2010 मध्ये कंपनीनं संघच बंद केला. महाराष्ट्रातल्या फुटबॉलप्रेमींना संघ स्थलांतरित होण्याआधी संघ मरण्याची सवय झाली होती.

हैदराबाद एफसीचा पहिला हंगाम वाईट गेला. अठरा सामन्यांत दहा गुण आणि तळाचा क्रमांक. मग स्पेनचे मानोलो मार्केझ प्रशिक्षक म्हणून आले आणि त्यांनी तरुण भारतीय खेळाडूंवर भरवसा ठेवला. 2021-22 मध्ये संघ अंतिम फेरीत गेला. 20 मार्च 2022 ला गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर केरळ ब्लास्टर्सशी सामना होता. केरळनं आघाडी घेतली. 88 व्या मिनिटाला साहिल तावोरानं बरोबरी साधली. सामना पेनल्टीवर गेला आणि गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमनीनं तीन पेनल्टी अडवल्या. दोघेही गोव्याचे. हैदराबाद विजेता झाला.

यात एक गोष्ट तेव्हा फारशी कोणाच्या लक्षात आली नाही. कोरोनामुळे 2020-21 आणि 2021-22 हे दोन्ही हंगाम संपूर्णपणे गोव्यात खेळवले गेले. म्हणजे ज्या हंगामात हैदराबाद विजेता झाला, त्या हंगामात हैदराबाद शहरात एकही सामना झाला नाही. गचीबावलीचं स्टेडियम रिकामं होतं. लोकांनी आपला संघ टीव्हीवर विजेता होताना पाहिला. "डेक्कन लीजन" नावाचा चाहत्यांचा गट होता, तो घरूनच घोषणा देत होता. संघाचं नाव हैदराबादचं होतं, पण संघाचं सर्वांत मोठं सुख हैदराबादच्या मातीवर घडलंच नाही. पुढे जे झालं त्याची बीजं इथं शोधता येतात.

2022-23 लाही संघ साखळीत दुसरा आला. त्यानंतर पैशांचा प्रश्न उभा राहिला. खेळाडूंचे आणि कर्मचाऱ्यांचे पगार थकले. तक्रारी फिफापर्यंत गेल्या, नवे खेळाडू घेण्यावर बंदी आली. परदेशी खेळाडू एकामागोमाग एक निघून गेले. 2023-24 मध्ये उरलेल्या तरुण पोरांना घेऊन प्रशिक्षक थांगबोई सिंग्टो यांनी कसाबसा हंगाम काढला. बावीस सामन्यांत फक्त एक विजय. दोन वर्षांपूर्वीचा विजेता तळाला गेला होता. 2024 मध्ये बी. सी. जिंदल समूहानं क्लब घेतला. 2024-25 मध्ये संघ तेरापैकी बाराव्या क्रमांकावर राहिला. आणि ऑक्टोबर 2025 मध्ये जाहीर झालं की संघ दिल्लीला जाणार, त्याचं नाव स्पोर्टिंग क्लब दिल्ली असणार.

आता दिल्लीचा हिशेबही पाहू. दिल्लीत 2014 पासून दिल्ली डायनॅमोज नावाचा संघ होता. पुणे बंद झालं त्याच 2019 च्या उन्हाळ्यानंतर तो संघ भुवनेश्वरला गेला आणि ओडिशा एफसी झाला. म्हणजे दिल्लीचा संघ ओडिशाला, पुण्याची जागा हैदराबादला, आणि सहा वर्षांनी हैदराबादचा संघ दिल्लीला. संगीत खुर्चीत मुलं फिरतात आणि खुर्च्या जागेवर असतात. इथं खुर्च्याच गावोगाव फिरताहेत.

असं का होतं? संघ वाईट खेळतो म्हणून गाव सोडतो असं आपल्याला वाटतं. पण आकडे तसं सांगत नाहीत. 2024-25 च्या तक्त्यात बारावा हैदराबाद होता आणि तेरावा, म्हणजे अगदी शेवटचा, होता कोलकात्याचा मोहम्मेडन स्पोर्टिंग. तिथंही पैशांची ओढाताण होती, गुंतवणूकदारांशी वाद होते, पगाराच्या प्रश्नावर खेळाडू नाराज होते. पण मोहम्मेडन कोलकाता सोडून लखनौला किंवा सुरतला जाईल असं कोणाच्या मनातही आलं नाही. सर्वांत वाईट खेळलेला संघ जागेवर राहिला आणि त्याच्या एक पायरी वरचा उचलून नेला गेला.

या फरकाचं कारण शोधायचं तर मोहम्मेडनचा इतिहास पाहावा लागतो. क्लब 1891 चा. 1934 मध्ये कलकत्ता फुटबॉल लीग जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब झाला आणि 1938 पर्यंत सलग पाच वर्षं जिंकत राहिला. त्याआधी ती लीग गोऱ्या पलटणींची आणि साहेबांच्या क्लबांची मिरास होती. 1940 मध्ये ड्युरँड चषक जिंकणारा पहिला भारतीय संघही तोच, अंतिम सामन्यात त्यानं रॉयल वॉरविकशायर रेजिमेंटला हरवलं.

मग 1947 आलं. बंगाल फाटला. त्या क्लबच्या पाठीराख्यांपैकी किती कुटुंबं पूर्वेकडे गेली असतील याची कल्पना करा. ज्या संघाच्या नावातच "मोहम्मेडन" आहे त्याला "तुमचं आता इथं काय?" असा प्रश्न विचारला जाणं त्या काळात अगदी सोपं होतं. क्लब गेला नाही. कोलकात्याच्या मैदानावर आपल्या तंबूत राहिला. आणि फाळणीनंतरच्या पुढच्याच वर्षी, 1948 मध्ये, त्यानं पुन्हा कलकत्ता लीग जिंकली. नंतर उतरती कळा आली. 1981 नंतर ती लीग पुन्हा जिंकायला 2021 उजाडावं लागलं. चाळीस वर्षं! कोणत्याही मालकानं चाळीस वर्षं वाट पाहिली नसती. सभासदांनी पाहिली, कारण सभासदांना दुसरा क्लब नव्हता आणि क्लबला दुसरं गाव नव्हतं.

मुख्य फरक इथं आहे. जुना क्लब ही सभासदांची संस्था असते. वर्गणी, निवडणूक, भांडणं, गटबाजी हे सगळं तिथं असतं, पण क्लब कोणा एकाच्या खिशात नसतो. फ्रँचायझी म्हणजे लीगमधली एक जागा असते. ती जागा मालकानं घेतलेली असते आणि लीग बंद दाराची असेल, म्हणजे तळाला गेल्यावर खालच्या वर्गात उतरण्याचा नियम नसेल, तर त्या जागेला स्वतःची वेगळी किंमत असते. गावानं प्रेम करावं न करावं, त्या किमतीला फारसा फरक पडत नाही. खेळाडू करारावर असतात, स्टेडियम भाड्याचं असतं. बालेवाडी सरकारचं, गचीबावलीही सरकारचं. मग गावाशी बांधून ठेवणारं असं उरतं काय? एक नाव आणि जर्सीचा रंग. दोन्ही बदलता येतात.

जगभर हेच दिसतं. लंडनच्या विम्बल्डन क्लबनं 1988 मध्ये लिव्हरपूलला हरवून एफए कप जिंकला होता. 1991 मध्ये त्यानं प्लाऊ लेन हे आपलं जुनं मैदान सोडलं आणि दुसऱ्या क्लबच्या मैदानावर भाडेकरू म्हणून खेळू लागला. एकदा मैदान गेलं की बाकीचं सैल होत जातं. मे 2002 मध्ये तीन जणांच्या आयोगानं दोन विरुद्ध एक मतानं संघाला मिल्टन कीन्स या नव्या शहरात जायची परवानगी दिली. अंतर सुमारे 90 किलोमीटर, म्हणजे आपल्याकडे फार नाही. पण पाठीराख्यांनी त्याच वर्षी, काही आठवड्यांत, स्वतःचा क्लब काढला. एएफसी विम्बल्डन. उघड्या मैदानावर निवड चाचणी घेतली, कोणीही यावं आणि खेळून दाखवावं. खालच्या, अगदी हौशी पातळीवरून सुरुवात केली आणि एकेक पायरी चढत 2011 मध्ये फुटबॉल लीगमध्ये पोहोचले. नोव्हेंबर 2020 मध्ये प्लाऊ लेनवरच बांधलेल्या नव्या मैदानावर ते परतले. अठरा वर्षं लागली.

अमेरिकेत त्यांचा तो हातानं खेळायचा फुटबॉल आहे. तिथं 28 मार्च 1984 च्या रात्री बाल्टिमोर कोल्ट्स संघाचं सामान ट्रकमध्ये भरलं गेलं आणि पहाटेपर्यंत संघ इंडियानापोलिसच्या वाटेला लागला. राज्य सरकार कायदा करून संघ ताब्यात घेईल या भीतीनं मालकानं रातोरात बाडबिस्तरा हलवला. संघ गेला, पण त्याचा बँड मागे राहिला. संघ नसलेल्या गावात तो बँड पुढे बारा वर्षं वाजत राहिला.

इथं मला आपल्या परंपरेतली एक गोष्ट आठवते. स्थलांतर हा शब्द आपल्याला परका नाही. आपली दिनदर्शिकाच हिजरतीपासून सुरू होते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मक्का सोडली ती रात्र आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. जिवावर उठलेले लोक दाराबाहेर उभे होते. तरीही त्याच मक्केतल्या लोकांनी प्रेषितांकडे ठेवायला दिलेल्या चीजवस्तू घरात होत्या. विरोधक होते, पण विश्वास त्यांच्यावरच ठेवत होते. त्या अमानती ज्याच्या त्याला पोहोचवण्यासाठी हजरत अली (रजि.) यांना मागे ठेवलं गेलं. सगळं परत दिल्यावर तेही मदिनेला गेले. अब्बा ही गोष्ट सांगत तेव्हा तिच्यातल्या धाडसाकडे माझं लक्ष असे, तिच्यातला हिशेब मला खूप उशिरा कळला. गाव सोडावं लागतं. कधी नाइलाज असतो, कधी त्यात भलंही असतं. पण जाताना त्या गावाचं जे आपल्याकडे आहे ते परत करून जायचं असतं.

हा निकष मी फुटबॉलला लावून पाहिला. वाटलं होतं त्यापेक्षा तो चांगला लागू पडतो.

मिल्टन कीन्सला गेलेल्या क्लबनं 2007 मध्ये जुन्या विम्बल्डनचे चषक आणि त्या इतिहासावरचा हक्क मर्टन या लंडनमधल्या त्यांच्या मूळ भागाच्या नगरपालिकेला परत दिला. उशिरा दिला, पाठीराख्यांच्या दबावानंतर दिला, पण दिला. अमेरिकेत 1996 मध्ये क्लीव्हलँडचा संघ बाल्टिमोरला गेला तेव्हा गावानं भांडून एक करार करून घेतला. खेळाडू जातील, पण ब्राउन्स हे नाव, त्याचे रंग आणि त्याचा सगळा इतिहास क्लीव्हलँडमध्येच राहील. तीन वर्षांनी, 1999 मध्ये, त्याच नावानं तिथं नवा संघ मैदानात उतरला. दोन्ही ठिकाणी स्थलांतर थांबलं नाही, पण अमानत परत आली.

आता आपल्याकडे पाहा. 2022 चा तो विजय कोणाचा? कट्टीमनीनं अडवलेल्या तीन पेनल्टी दिल्लीच्या इतिहासात लिहायच्या की हैदराबादच्या? पुणे सिटीची पाच वर्षं कोणाच्या कपाटात आहेत? हा प्रश्न कोणी कोणाला विचारला नाही आणि कोणी उत्तर द्यायला बांधील आहे असंही आपल्या नियमांत दिसत नाही. आणि सगळ्यांत पहिली अमानत तर खेळाडूंचा आणि कर्मचाऱ्यांचा पगार असते. मजुराची मजुरी वेळेवर द्यावी ही शिकवण आपल्या घराघरात आहे. जिथं तीच थकते, तिथं नाव आणि इतिहास कोण सांभाळणार?

याची दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर हा लेख नुसता उसासा होईल.

पहिली गोष्ट, सगळी स्थलांतरं वाईट ठरत नाहीत. दिल्ली डायनॅमोज भुवनेश्वरला गेला तेव्हा तिथल्या राज्य सरकारनं खेळाला पाठबळ दिलं होतं, कलिंग स्टेडियम तयार होतं. त्या संघानं 2023 मध्ये सुपर कप जिंकला. दिल्लीत त्याला एकही चषक मिळाला नव्हता. एखादं झाड दुसऱ्या मातीत जास्त वाढतं, हे नाकारण्यात अर्थ नाही.

दुसरी गोष्ट जास्त बोचरी आहे. गावाशी घट्ट बांधलेला संघ वाचतोच असं नाही. आणि याचं सर्वांत मोठं उदाहरण हैदराबादच आहे.

हैदराबाद एफसीच्या कितीतरी आधी या शहरात एक संघ होता. हैदराबाद सिटी पोलीस. त्याचे प्रशिक्षक होते सय्यद अब्दुल रहीम. लोक त्यांना रहीमसाब म्हणत. 1909 मध्ये जन्मलेले, उस्मानिया विद्यापीठातून पदवी घेतलेले आणि पेशानं शाळामास्तर. मी स्वतः मास्तर असल्यामुळे असेल, पण त्यांच्याबद्दल वाचताना मला त्यांच्यातला शिक्षकच आधी दिसतो. खेळाडूंचा कमजोर पाय सुधारावा म्हणून ते अशा स्पर्धा भरवत की ज्यात फक्त कमजोर पायानंच चेंडू मारायचा. चेंडू पायात घोळवत राहायची खोड जावी म्हणून ड्रिब्लिंगला मनाई असलेले सामने ठेवत. मुलाला जे जमत नाही त्याचाच खेळ करून टाकायचा, ही कोणत्याही चांगल्या वर्गातली युक्ती आहे.

1943 पासून ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव होते. 1948 च्या सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, संस्थान भारतात आलं. त्या काळात मराठवाड्यात आणि हैदराबादेत दोन्ही समाजांच्या घरांनी काय सोसलं हे आमच्या आजी-आजोबांच्या पिढीला माहीत होतं, ते फार बोलत नसत. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1950 मध्ये, याच शहराच्या पोलीस संघानं मोहन बागानला हरवून ड्युरँड चषक जिंकला. त्याच वर्षापासून 1954 पर्यंत मुंबईच्या कूपरेज मैदानावरचा रोव्हर्स चषक सलग पाच वेळा जिंकला. जखमा ओल्या असताना एका शहराला मान वर करून चालता यावं एवढं काम त्या अकरा जणांनी केलं.

1 नोव्हेंबर 1956 ला हैदराबाद राज्य नकाशावरून पुसलं गेलं. आम्ही मुंबई राज्यात आलो, काही जिल्हे म्हैसूरला गेले, उरलेलं आंध्र प्रदेश झालं. पण फुटबॉलमध्ये हैदराबाद हे नाव लगेच पुसलं गेलं नाही. 1956-57 आणि 1957-58 अशी दोन वर्षं हैदराबादनं संतोष ट्रॉफी जिंकली, आणि दोन्ही वेळा अंतिम सामन्यात हरवलं ते मुंबईला. राज्य गेलं, संघाचं नाव राहिलं.

रहीमसाब भारताचेही प्रशिक्षक होते. 1951 ला आशियाई सुवर्ण, 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक, 1962 ला जकार्तात दक्षिण कोरियाला 2-1 नं हरवून पुन्हा आशियाई सुवर्ण. त्या 1962 च्या संघात तुळशीदास बलराम आणि युसूफ खान हे हैदराबाद-सिकंदराबादचे खेळाडू होते. तेव्हा रहीमसाबांना कर्करोगानं गाठलं होतं. 11 जून 1963 ला ते गेले. 2024 मध्ये आलेल्या "मैदान" चित्रपटामुळे त्यांचं नाव नव्या पिढीला कळलं, एरवी माझ्या वर्गातल्या किती मुलांना ते माहीत असतं?

आणि त्या सिटी पोलीस संघाचं काय झालं? त्याला कोणी विकलं नाही. तो कुठल्याही शहरात गेला नाही. त्याच्या मैदानांवर, त्याच्या मोहल्ल्यांत तो होता तिथंच राहिला आणि हळूहळू विरून गेला. चांगले खेळाडू कोलकात्याच्या मोठ्या क्लबांकडे गेले. लोकांचं लक्ष क्रिकेटकडे वळलं. रहीमसाबांनंतर तसा मास्तर मिळाला नाही. संघ न हलता शहराच्या हातून गेला.

म्हणून त्या मुलाच्या प्रश्नाला आज मी थोडं वेगळं उत्तर देईन. अडचणीतला संघ दुसऱ्या शहरात जाईल का, हे ओळखायला तीन गोष्टी पाहाव्यात. मैदान कोणाचं आहे? सभासदांना मत आहे का? आणि संघात त्या गावची पोरं येण्याची वाट आहे का? तिन्हींचं उत्तर नाही असेल, तर संघ आज ना उद्या जाईल, जिंकत असला तरी जाईल. एखादं उत्तर हो असेल, तर संघ तळाला जाऊनही टिकण्याची शक्यता आहे. मोहम्मेडन टिकला तो सभासदांमुळे. विम्बल्डन परतला तो पाठीराख्यांनी क्लब स्वतःच्या हाती घेतला म्हणून. हैदराबाद सिटी पोलीस संघ उभा राहिला तो एका मास्तरनं मोहल्ल्यातल्या पोरांना वाट करून दिली म्हणून, आणि ती वाट बुजली तेव्हा तो संपला.

यातली पहिली गोष्ट आपल्या हातात नाही. दुसरी थोडीफार आहे. क्लब सोडून जाताना नाव, रंग आणि चषक गावाकडे ठेवून जाईल, थकलेला पगार दिल्याशिवाय हलणार नाही, एवढा नियम लीगनं करावा यासाठी चाहत्यांनी आग्रह धरायला हरकत नाही. संघ नेऊ नका असं कोणी म्हणत नाही, अमानत ठेवून जा एवढंच म्हणायचं आहे.

तिसरी गोष्ट मात्र पूर्ण आपली आहे. आमच्या शाळेजवळ ईदगाहच्या बाजूला एक मोकळी जागा आहे. संध्याकाळी तिथं पोरं खेळतात, बहुतेक क्रिकेट, थोडी फुटबॉल. गोलखांब म्हणून दप्तरं ठेवतात. प्रश्न विचारणारा तो मुलगाही तिथं असतो. परवा मी त्याला रहीमसाबांची ती कमजोर पायाची गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर सहा-सात जणांनी नियमच करून टाकला होता, गोल फक्त डाव्या पायानं. चेंडू भलतीकडे जात होता आणि सगळे पोट धरून हसत होते. मी कडेला उभा राहून पाहत होतो. मगरिबची अजान झाली तशी त्यांनी दप्तरं उचलली.

दिल्लीला गेलेल्या संघाला शुभेच्छा. त्यांचे खेळाडू चांगले खेळोत, त्यांना पगार वेळेवर मिळो. पण रहीमसाब नावाच्या मास्तरनं या मातीत जे ठेवलं होतं, ते कोणत्याही करारात लिहिलेलं नव्हतं. त्यामुळे ते कोणाला नेताही आलं नाही. ते आता आमच्याकडे ठेव आहे, आणि ते पुढे पोहोचवायचं काम आमचं आहे.